घडीखात्यातला समाधानी माणूस

आमच्या सोलापूरच्या गिरणीत एका दारानं कापूस आत यायचा आणि सगळ्या खात्यांतून फिरून, कापड होऊन, शेवटी आमच्या घडीखात्यात यायचा. साहेब लोक त्याला फोल्डिंग डिपार्टमेंट म्हणत. कापडाबरोबर गिरणीतल्या गोष्टीही शेवटी आमच्याकडंच येत. फरक इतकाच, की कापडाला घडी घातली, शिक्का मारला, गठ्ठा बांधला, की ते बार्शी-दुधनीच्या व्यापाऱ्यांकडं निघून जायचं. गोष्टी मात्र कुठंच जात नसत. त्या तिथंच ढिगानं पडून राहत. आता तो ढीग माझ्याकडं आहे. चार मित्र जमले की म्हणतात, "मास्तर, काढा एखादा तागा!" मग मी काढतो.

मी मास्तर कधीच नव्हतो. त्या खात्यातला कारकून होतो. पण मॅट्रिक झालेला आणि साहेबाशी इंग्रजी बोलू शकणारा तिथं मी एकटाच, म्हणून मास्तर.

हे किस्से सन तीसच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतले. बहुतेक मत्सराचे आहेत. त्याला माझा इलाज नाही. आमच्याकडं कापड मोजत वारानं, आणि सुख मोजत समोरच्या टेबलावरून.

* * *

त्या सुमाराला विलायतेहून एक नवा साहेब आला. तरुण, उन्हानं लाल झालेला, सभ्य. त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की कामगार मनातून समाधानी असेल तर काम आपोआप चांगलं होतं. आधीचा साहेब खात्यात आला की काय चुकलं ते विचारायचा. हा विचारू लागला, "कामात समाधान आहे का?" दर सोमवारी, एकेकाला. दुभाषा मी.

खात्यात घडी घालणारे मुख्य दोघं. एक दत्तोबा. होटगीचा, दणकट, झुपकेदार मिशांचा. दुसरा मल्लेशम. तेलुगू विणकरांच्या घरातला, किडकिडीत, पण हात विजेसारखा. दोघांची टेबलं समोरासमोर. टेबलाला वारभर अंतरावर दोन आकडे असत. त्या आकड्यांत कापड इकडून तिकडं अडकवत घडी घालायची. म्हणजे दिवसभर दोघांची तोंडं एकमेकांकडं! मत्सराला आणखी काय लागतं?

साहेबानं पहिल्याच सोमवारी दत्तोबाला विचारलं. मी मराठीत सांगितलं. दत्तोबानं हातातलं कापड खाली ठेवून नीट विचार केला.

"समाधान हाय की," तो म्हणाला. "पर मल्लेशमला माझ्यापक्षा जास्त हाय. त्याचं काय करनार ते इचारा साहेबाला!"

साहेब मल्लेशमकडं वळला. मल्लेशमनं सगळं ऐकलंच होतं. तो हात जोडून म्हणाला, "मला काही समाधान नाही, साहेब. पण दत्तोबाला वाटतंय ना, मला आहे? तेवढं राहू द्या!"

* * *

दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला की गिरणीच्या फाटकापाशी बायका भाकऱ्या घेऊन उभ्या असत. दत्तोबाची बायको पारूबाई रोज येई. फडक्यात कडक भाकरी, कांदा आणि शेंगांची चटणी. दत्तोबा आत येऊन फडकं सोडायचा आणि पहिला घास घेण्याआधी चटणी नुसती जिभेवर टेकवून बघायचा. सगळे हातातला घास थांबवून त्याच्याकडं बघत बसायचे. मीही तेवढं बघूनच जेवायला बाहेर पडायचो.

कारण पारूबाई खूश असल्या की चटणी मऊ, तेल सुटलेली, लसूण बेतानं. रागावल्या की तिखट. जेवढा राग तेवढं तिखट. तोंडानं बोलत नसत असं नाही. पण तोंडानं बोलून जे उरायचं ते चटणीत घालायच्या.

दत्तोबाच्या डोळ्यांत पाणी आलं की हसनमियां विचारायचा. हा आमचा शिक्का मारणारा, खात्यात सगळ्यांत वयस्कर. "क्यों दत्तोबा, आज घर कू देर से जाना क्या?"

"आज जायाचंच न्हाय मियां! हितंच झोपतो, गठ्ठ्यावर!"

आणि मग त्या दुपारच्या त्याच्या घड्या बघाव्यात! सकाळी कडेला कड जुळलेली असायची. दुपारी एक कड पुढं, एक मागं, मधेच फुगवटा. तागा नुसता बघून मी सांगू शकायचो, की हा जेवणाआधीचा की नंतरचा. दुधनीचे व्यापारी म्हणायचे, तुमच्या गिरणीचं कापड सारखं नसतं. कसं असणार? पारूबाई तरी कुठं रोज सारख्या होत्या?

माझी पत्नी जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. मी बसम्माच्या खाणावळीत जेवत असे. बसम्माच्या हाताला चव होती, नाव ठेवायला जागा नाही. पण खाणावळीत तिखटमीठ वर्षभर एकसारखं असतं. तिथं कोणी कोणावर रागावलेलं नसतं.

* * *

एकदा दत्तोबाचा गुडघा धरला. घडीखात्यात दिवसभर उभ्यानं काम. सोमवारी त्यानं साहेबाला सांगितलं, "समाधान सगळीकडं हाय साहेब, फकस्त गुडघ्यात न्हाय." साहेबाला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी सुतारखात्यातून त्याच्यासाठी नवंकोरं स्टूल आलं.

दत्तोबा त्या स्टुलावर असा बसला, जसं काय त्याला गादीवर बसवलंय! मधेच उगाच उठायचा, फडक्यानं स्टूल पुसायचा, परत बसायचा. त्या दिवशीच्या त्याच्या घड्या सुरीनं कापल्यासारख्या सरळ. समोर मल्लेशम उभा.

बुधवारी मल्लेशमचा गुडघा धरला. गुरुवारी गठ्ठे बांधणाऱ्यांचे गुडघे धरले. शुक्रवारी हसनमियां माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, मेरे दोनों लिखो."

साहेब न्यायी माणूस. त्यानं सगळ्यांना स्टुलं करून दिली. पुढच्या सोमवारी आम्ही फेरीला आलो, तर सगळं खातं बसलेलं आणि दत्तोबा एकटा उभा! स्टूल दूर भिंतीला लावून ठेवलेलं.

"गुडघा बरा झाला वाटतं?" साहेबानं विचारलं.

"दुकतोय की लई," दत्तोबा म्हणाला. "पर सगळ्यास्नी मिळालं म्हटल्यावर, त्यात बसन्यासारखं काय ऱ्हायलं?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेब बराच वेळ भिंतीजवळच्या त्या स्टुलाकडं बघत उभा राहिला.

* * *

मल्लेशमला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मुलगा झाला. निरोप आला तेव्हा त्याच्या हातात अर्धा तागा होता. तो तसाच आकड्याला लोंबकळत सोडून पळाला. दुसऱ्या दिवशी सगळ्या खात्याला पेढे! त्या दिवशी त्याचा हात असा चालत होता, की गठ्ठे बांधणारे मागं पडले. कोणी काहीही विचारलं तरी त्याचं एकच उत्तर, "बागुंदी!" म्हणजे छान आहे. "मल्लेशम, पाणी आणलं का?" "बागुंदी!"

दत्तोबानं पेढा घेतला, खाल्ला, हात पुसले आणि तोंड पाडून कामाला लागला. साहेबाची फेरी नेमकी त्याच दिवशी.

"आज हा खिन्न का?" साहेबानं मला विचारलं.

मी दत्तोबाला विचारलं. तो म्हणाला, "मल्लेशमला पोरगा झालाय."

"मग? ह्याला मुलगा नाही का?" साहेब कळवळून म्हणाला.

मी हा प्रश्न मराठीत सांगितल्याबरोबर सगळं खातं हसायला लागलं, कारण दत्तोबाला तीन मुलगे होते.

"तीन हायत की," दत्तोबा म्हणाला. "पर आज एकबी झाला न्हाय!"

* * *

खंडेनवमीला गिरणीत ज्यानं त्यानं आपापल्या हत्याराची पूजा करायची. इंजिनाला नारळ, मागांना हार. आमच्याकडं टेबलांना. मल्लेशमनं त्या साली मुलाच्या आनंदात प्रत्येक आकड्याला दोन-दोन हार घातले. दत्तोबानं ते पाहिलं, बाहेर गेला आणि बाजारातून झेंडूची आख्खी पाटी डोक्यावर घेऊन आला. टेबल दिसेना, आकडे दिसेनात!

हसनमियांनंही आपल्या शिक्क्याला एक बारीकसा हार घातला. कोणीतरी चिडवलं, "काय मियां, तुम्हीसुद्धा?"

"मेरेकू नक्को," तो म्हणाला. "पन सब कू मिला और इसकू नहीं मिला, तो ये रूठेगा. फिर शिक्का कौन उठायेगा?"

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. फुलं काढायची तर आधी कोणी? दत्तोबा म्हणाला, मल्लेशमनं. मल्लेशम म्हणाला, दत्तोबानं. कोणीच काढली नाहीत. दोघंही फुलांमधूनच घड्या घालत राहिले. झेंडूच्या पाकळ्या घडीघडीत गेल्या, वर शिक्का बसला, गठ्ठे दुधनीला रवाना झाले.

काही दिवसांनी दुधनीचा व्यापारी स्वतः खात्यात आला. आम्ही माना खाली घातल्या. तो मात्र हात जोडून म्हणाला, "गिऱ्हाईक भारी खूश आहे हो! गिरणीनं पूजा करून कापड पाठवलं म्हणतात. तसले आणखी द्या. कोणाच्या टेबलावरचे होते?"

"माझ्या!" दोघं एकदम ओरडले.

साहेबाच्या कानावर ते गेलं. कापडाला डाग पडले असते म्हणून त्यानं दोघांनाही दंड केला, आणि दोघांना सारखाच केला. मल्लेशमनं भरून टाकला. दत्तोबा दोन दिवस फुगलेला. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाला, "दंडाचं दुःख न्हाय, मास्तर. पर सारका कसा? फुलं माझी जास्त हुती!"

* * *

उन्हाळ्यात साहेबाची मेमसाहेब विलायतेला गेली. सोलापूरचं ऊन तिला सोसवेना. त्यानंतरचे काही सोमवार साहेब खात्यात यायचा, प्रश्न विचारायचा, पण उत्तर ऐकताना भलतीकडंच बघायचा. एकदा तर त्यानं मल्लेशमला एकच प्रश्न दोनदा विचारला. मल्लेशमनं दोन वेगळी उत्तरं दिली, तेही त्याला कळलं नाही.

शेवटी दत्तोबाच म्हणाला, "मास्तर, साहेबाला इचारा की, साहेबाला समाधान हाय का?"

मी विचारलं. साहेब म्हणाला, "नाही."

"मग त्यास्नी सांगा," दत्तोबा म्हणाला, "बायकू एवढ्या लांब लावून देऊ नये. आमची रागावली की होटगीला भावाकडं जाती. दुपारच्या गाडीनं जाती आन् सांजच्या गाडीनं परत येती, राहिलेलं भांडान पुरं करायला! त्याच्यापक्षा लांब गेली की मानसाचा हात चालत न्हाय."

साहेबानं विचारलं, होटगी किती लांब. मी म्हटलं, जवळच, गाडीनं थोडक्यात पोचतात. साहेब दत्तोबाकडं बघून म्हणाला, "हा माणूस भाग्यवान आहे."

"काय म्हनला वो?" दत्तोबानं विचारलं.

"म्हणाला, कामाला लागा," मी सांगितलं.

* * *

त्याच पावसाळ्यात आमचे म्हातारे मुकादम नागप्पा काम सोडून अक्कलकोटकडं आपल्या गावी जायला निघाले. त्यांच्या जागी दत्तोबा येणार किंवा मल्लेशम, हे खात्यातल्या टेबलांनाही ठाऊक होतं. दोघं सारखेच जुने, सारखेच कसबी. दोघांनाही ती जागा हवी होती, आणि त्याहून जास्त, ती दुसऱ्याला मिळायला नको होती.

साहेबानं मला बोलावलं. "जो कामात सर्वांत समाधानी, तो मुकादम. स्वतः समाधानी असेल तोच दुसऱ्यांना समाधानी ठेवील. महिनाभर मी बघणार आहे. सगळ्यांना सांग."

मी सांगितलं. त्या क्षणापासून खात्यातली सगळी गाऱ्हाणी बंद! दुखरे गुडघे बरे झाले. दत्तोबा स्टुलावर बसला. सकाळी फाटकातून आत येतानाच त्याचे दात मिशीखालून दिसायला लागायचे ते भोंगा होईपर्यंत. मल्लेशम गाऊ लागला. घरी मुलाला दात येत होते, रात्रभर झोप नाही, डोळे तांबडेलाल. तरी गाणं! एकदा तर गाता गाता उभ्याउभ्याच झोपला. गाणं थांबलं, हात चालूच होता.

"क्या होरा इधर?" हसनमियां मला म्हणाला. "एक हसता, एक गाता. ये गिरनी है या शादी का घर?"

पण खरी चुरस फाटकावर होती. पारूबाई आणि मल्लेशमची बायको नरसम्मा रोज शेजारीशेजारी उभ्या राहत. आता दोघींतली मुकादमीण कोण, हा प्रश्न. पारूबाईंनी नवऱ्याला समाधानी ठेवायचं मनावर घेतलं. आधी चटणी मऊ झाली. मग चटणीबरोबर गूळ आला. मग शिरा. मग सण नाही, वार नाही आणि पुरणपोळी!

दत्तोबा घाबरला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, लई ग्वाड बोलती वो. भांडतच न्हाय. काल मी मुद्दाम उशिरा गेलो, तर पानी तापवून दिलं!"

"मग चांगलं आहे की."

"चांगलं काय? राग येतोय तिला, मला दिसतोय की. पर दाबून ठिवती. मुकादमी न्हाय मिळाली तर म्हैनाभराचा सगळा एकदम काढंल!"

त्या दिवसांत संध्याकाळी तो माझ्याबरोबर फाटकाबाहेर रेंगाळत असे. घरी जायचा धीर होत नसे. एकदा निघता निघता म्हणाला, "तुमचं बरं हाय, मास्तर. कवाबी घरी जावा. कोन इचारतंय? घरात कायबी हुईत न्हाय, तर तोंड बिघडायचं कुठनं?"

"हो. बरं आहे," मी म्हणालो.

पत्नी होती तेव्हा आमच्या घरी राग आला की पाण्याचा तांब्या जरा जोरात खाली ठेवला जाई. तेवढंच. बसम्माकडं तांबे हळू ठेवतात.

दत्तोबानं सुपारी मागितली. माझ्या खिशात होती. मी म्हटलं, संपली.

* * *

महिना संपला. साहेब खात्यात आला. दत्तोबाचे दात तयार, मल्लेशमचं गाणं तयार. पण साहेबही तोवर शहाणा झाला होता. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही.

"प्रत्येकानं स्वतःला सोडून सांगायचं," तो म्हणाला. "ह्या खात्यात सर्वांत समाधानी माणूस कोण?"

मी मराठीत सांगितलं. दत्तोबानं समोर पाहिलं. मल्लेशमचं नाव घेणं म्हणजे आपल्या हातानं मुकादमी उचलून त्याच्या टेबलावर ठेवणं. त्याची नजर गठ्ठे बांधणाऱ्यांवरून फिरली. त्यांतला कोणी मुकादम झालेला त्याला परवडणार नव्हता. नजर पुढं आली आणि माझ्यावर थांबली. कारकुनाला कोण मुकादम करतंय?

"मास्तर," तो म्हणाला.

"बोल की."

"बोललो की. मास्तर! सांगा साहेबाला. मास्तरला कवा रागावल्यालं बघितलं न्हाय. कवा कुनाचा हेवा करताना बघितलं न्हाय. काल हुतं तसंच आज. असा समाधानी मानूस उभ्या गिरणीत न्हाय."

दुभाष्यानं काही वगळायचं नसतं. एकदा 'भाग्यवान' वगळलं होतं तेवढं पुरे होतं. मी सगळं इंग्रजीत सांगितलं.

मल्लेशमला विचारलं. दत्तोबानं आपलं नाव घेतलं नाही हे त्यानं ऐकलंच होतं. "मास्तर!" तो लगेच म्हणाला. "मास्तरला काय कमी आहे? सगळं शांत. बागुंदी!" तेही मी सांगितलं.

हसनमियांची पाळी आली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग समोरच्या ताग्यावर शिक्का उमटवला आणि म्हणाला, "मेरेकू मत पूछो, साहेब."

साहेब खुशीत होता. "मलाही हेच वाटत होतं," तो म्हणाला. "इतक्या दिवसांत ह्या माणसाचा चेहरा बदललेला मी पाहिला नाही. ह्याचं अक्षरसुद्धा बदलत नाही."

"काय म्हनला वो साहेब?" दत्तोबानं विचारलं.

"म्हणाला, मुकादम मी."

दत्तोबाचे दात मिटले. मल्लेशमच्या घशात गाणं राहिलं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्या संध्याकाळी ते दोघं बरोबर घरी गेले. वाटेत माझ्याबद्दलच बोलत असावेत!

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा झाला. मी खाणावळीकडं निघालो होतो. फाटकापाशी नेहमीच्या जागी पारूबाई उभ्या. पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात फडकं. दत्तोबा हात पुढं करून त्यांच्याकडं गेला. त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्याच्या हाताला वळसा घालून त्या सरळ माझ्यापुढं आल्या.

"घ्या, मास्तर."

"अहो वहिनी, हे दत्तोबाचं…"

"मुकादमाचं हाय," त्या म्हणाल्या. "म्हैनाभर मी मुकादमासाठीच रांधतीया. मुकादम तुमी झालासा, तर तुमीच खावा!"

फाटकावर हशा पिकला. नरसम्मा पदर तोंडाला लावून हसत होती. पारूबाई मागं न बघता चालू लागल्या.

"लेओ, मास्तर," हसनमियां माझ्या कानाशी म्हणाला. "ना नक्को बोलो."

मी खात्यात परत आलो. माझ्या जागेवर बसलो. फडकं सोडलं. कडक भाकरी, फोडलेला कांदा, चटणी. चटणी कशी आहे हे रंगावरूनच दिसत होतं. सगळे आपापलं जेवण तसंच ठेवून माझ्याकडं बघत होते. दत्तोबा आपलं स्टूल ओढत अगदी माझ्या गुडघ्याशी येऊन बसला.

मी चटणी जिभेवर टेकवून बघितली नाही. एकदम घास घेतला. कान तापले. टाळू तापली. कपाळावर घाम आला.

"कशी हाय?" दत्तोबानं विचारलं.

मी आणखी एक घास घेतला.

"मास्तर, तिखट हाय का वो? सांजच्याला घरी जाऊ का नको, तेवढं तर कळू द्या की!"

मल्लेशमनं पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला. मी त्याला हात लावला नाही. भाकरीचा तुकडा मोडला, चटणी भरपूर घेतली आणि सावकाश चावून खाल्ली. नाकातून पाणी यायला लागलं होतं.

"बरी आहे," मी म्हणालो.

"बरी म्हंजे कशी?" दत्तोबा कळवळला. "एक घास द्या की मला. बघतो."

"नाही," मी म्हणालो, आणि फडकं दोन्ही हातांनी माझ्याकडं ओढून घेतलं.